डेकोरेटर की प्रॉक्सी हे नंतर, आधी क्रम बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला काही उलटं समजलं असेल तर तुम्हाला पुढचं वाचायलाच नको. विमा क्षेत्रातली एक जावा सर्व्हिस आहे. तिच्यात पॉलिसीची माहिती दुसऱ्या सर्व्हिसकडून आणणारा एक क्लास आहे. तो आधी नुसता एचटीटीपी कॉल करायचा. मग लॉगिंग (प्रत्येक कॉलची नोंद) हवं म्हणून त्याचा सबक्लास झाला, कॅशिंग (आलेलं उत्तर साठवून पुन्हा वापरणं) हवं म्हणून त्या सबक्लासचा सबक्लास झाला, आणि आता रात्रीच्या बॅचला (एकगठ्ठा चालणाऱ्या कामाला) रिट्राय (फसलेला कॉल पुन्हा करणं) हवा पण कॅशिंग नको, वेबला कॅशिंग हवं पण रिट्राय नको, अशी वेळ आली आहे. तुम्ही डेकोरेटरकडे वळलात, म्हणजे मूळ ऑब्जेक्टभोवती तोच इंटरफेस असलेलं दुसरं ऑब्जेक्ट गुंडाळून सोय वाढवायच्या पद्धतीकडे. सीनियर म्हणाले की हा तर प्रॉक्सी (मूळ ऑब्जेक्टच्या वतीने समोर उभं राहणारं ऑब्जेक्ट) झाला, आणि स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कची अ‍ॅनोटेशन्स (कोडवर लावायच्या खुणा) असताना एवढे क्लास हाताने लिहायचेच कशाला. तर डेकोरेटर की प्रॉक्सी, आणि हाताने की अ‍ॅनोटेशनने, हे तुम्हाला हवं आहे.

दोन्हींवर बोलतो. पण प्रश्नाच्या तळाशी तुम्ही ऑब्जेक्ट जोडणारी जी ओळ दिली आहे, ती मला या दोन्हींपेक्षा महत्त्वाची वाटते. नावं आखूड केली तर ती अशी आहे:

लॉगिंग( कॅशिंग( परवानगी( रिट्राय( एचटीटीपी ) ) ) )

घोडं इथेच पेंड खातंय. कॅशिंग बाहेर आहे आणि परवानगी त्याच्या आत. आता शाखेतला एक अधिकारी, ज्याला परवानगी आहे, एक पॉलिसी उघडतो. कॅशमध्ये काही नाही, म्हणून कॉल आत जातो, परवानगी तपासली जाते, उत्तर येतं, आणि बाहेर पडताना ते पॉलिसी क्रमांकाखाली कॅशमध्ये साठवलं जातं. दोन मिनिटांनी कॉल सेंटरमधला एक जण तोच क्रमांक टाकतो. त्याला ती पॉलिसी बघायची परवानगी नाही. पण उत्तर कॅशमध्ये तयार आहे, ते तिथूनच परत जातं, आणि परवानगी तपासणारा क्लास बिचारा जागाच होत नाही. ग्राहकाचा पत्ता, वारसदार, हप्त्यांचा हिशेब, सगळं नको त्या स्क्रीनवर.

यात चुकीचा क्लास एकही नाही, आणि हीच या प्रकारातली खरी मेख. परवानगीच्या क्लासच्या युनिट टेस्ट हिरव्या, कॅशिंगच्याही हिरव्या. चूक आहे ती फक्त एकात एक ठेवण्याच्या क्रमात, आणि त्या एका ओळीची टेस्ट सहसा कुणी लिहीत नाही. परवानगी कॅशिंगच्या बाहेर आणा. कॅशच्या की मध्ये (ज्या खुणेखाली उत्तर साठवतात तिच्यात) वापरकर्त्याची ओळख मिसळणं हाही एक उपाय सुचवतात, पण त्याने कॅशचा उपयोग पातळ होतो. शिवाय एखाद्याची परवानगी काढून घेतली तरी त्याचं जुनं उत्तर मुदत संपेपर्यंत त्याला मिळतच राहतं. लॉगिंग मात्र सगळ्यात बाहेर आहे ते बरोबर आहे, कारण नाकारलेले प्रयत्नही नोंदले गेले पाहिजेत. उलट ऑडिटला तेच आधी हवे असतात.

आता नावाचा वाद, थोडक्यात. एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस या चौघांनी 1994 साली 23 पॅटर्न्स (कोड रचण्याचे साचे) मांडले, त्यातले 7 रचनेचे. अ‍ॅडॅप्टर इंटरफेसचा आकार बदलतो, फसाड बऱ्याच गोष्टींसमोर एकच सोपी खिडकी उघडतो. डेकोरेटर आणि प्रॉक्सी मात्र कोडमध्ये जुळ्या भावांसारखे दिसतात: तोच इंटरफेस, आत तोच इंटरफेस असलेलं ऑब्जेक्ट, आणि मध्ये थोडी करामत. फरक हेतूचा आहे. प्रॉक्सी आतल्या ऑब्जेक्टपर्यंत पोहोचू द्यायचं की नाही, कधी द्यायचं, हे ठरवतो, आणि पुष्कळदा ते ऑब्जेक्ट तोच तयार करतो. डेकोरेटरला ऑब्जेक्ट बाहेरून मिळतं, तो फक्त भर घालतो. या मापाने तुमचं लॉगिंग डेकोरेटर, परवानगी प्रॉक्सी, कॅशिंग प्रॉक्सीकडे झुकलेलं, आणि रिट्रायबद्दल दोन जाणकार दोन उत्तरं देतील. म्हणजे सीनियर अर्धे बरोबर आहेत, तसं त्यांना सांगून टाका. हा वाद चहाच्या वेळी घालायला मजेचा आहे, पण त्यापायी पुल रिक्वेस्ट अडवून ठेवू नये. कंपायलरला फरक पडत नाही, आणि वर दाखवलेला गोंधळ दोन्ही नावांखाली तितकाच होतो.

इनहेरिटन्स का नको, याचं नेहमीचं उत्तर म्हणजे क्लासांची संख्या. चार सोयी असतील तर त्यांचे मिळून 16 संच होतात. क्रमही मोजलात तर आणखी वाढतात. एक ना धड भाराभर चिंध्या. पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठं कारण वेगळं आहे. सबक्लासला वरच्या क्लासच्या आतल्या वागण्यावर विसंबावं लागतं. जावातलं हॅशसेट घ्या. किती घटक घातले हे मोजायचं म्हणून त्याचा सबक्लास केला, अ‍ॅड मध्ये एकाने आणि अ‍ॅडऑल मध्ये यादीच्या लांबीने मोजणी वाढवली. तीन घटकांची यादी घातल्यावर मोजणी 6 दाखवते, कारण वारशाने आलेलं अ‍ॅडऑल आतून प्रत्येक घटकासाठी अ‍ॅड ला हाक मारतं, आणि ती हाक तुमच्याच मेथडवर येते. रॅपर, म्हणजे आत दुसरं ऑब्जेक्ट ठेवून त्याच्याकडे हाका पुढे पाठवणारा क्लास, केला तर हा घोळ होत नाही: आतल्या ऑब्जेक्टला रॅपर आहे हेच माहीत नसतं, त्यामुळे त्याच्या आतल्या हाका त्याच्यापाशीच राहतात.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण तोच गुण अ‍ॅनोटेशनच्या वेळी दोष बनून समोर येणार आहे.

क्रमाकडे परत येतो. जावाच्या इनपुट-आउटपुट स्ट्रीम्स म्हणजे या पॅटर्नचं सगळ्यांनी रोज वापरलेलं उदाहरण, आणि क्रमाचे जवळजवळ सगळे धडे तिथे आहेत. फाइलइनपुटस्ट्रीम वरून एकेक बाइट वाचलात तर प्रत्येक बाइटला ऑपरेटिंग सिस्टिमकडे फेरी होते. म्हणून त्यावर बफर्डइनपुटस्ट्रीम, जो 8192 बाइट एकदम उचलतो आणि हातात ठेवतो. त्यावर डेटाइनपुटस्ट्रीम, ज्यात रीडइंट आहे. आता वरचे दोन उलटे करा: डेटा आत, बफर बाहेर. कंपाइल होतं, चालतंही, पण बाहेरच्या ऑब्जेक्टवर रीडइंट दिसतच नाही. ते वापरायला आतल्या डेटा-स्ट्रीमचा संदर्भ वेगळा धरून ठेवलात, तर त्या वाटेवर बफर नाही आणि वर दोघं एकाच फाइलमधून आपापल्या चालीने बाइट उचलायला लागतात. यातून माझे दोन नियम: इंटरफेसमध्ये नसलेली नवी मेथड देणारा रॅपर सगळ्यात बाहेर, आणि एकदा ऑब्जेक्ट गुंडाळलं की आतला संदर्भ कुणाच्याही हाती ठेवायचा नाही.

लिहिण्याच्या बाजूचं उदाहरण आणखी स्पष्ट आहे. दाबून लहान करणारा जीझिपआउटपुटस्ट्रीम आणि कूटबद्ध करणारा सायफरआउटपुटस्ट्रीम. जीझिप बाहेर, सायफर आत, असं ठेवलं तर डेटा आधी लहान होतो आणि मग कूटबद्ध होतो. उलट केलंत तर कूटबद्ध डेटामध्ये दाबण्याजोगी पुनरावृत्ती उरतच नाही आणि जीझिप नुसता प्रोसेसर तापवत बसतो. दोन्हीकडे फाइल नीट लिहिली जाते, नीट वाचली जाते, म्हणून टेस्ट काहीच बोलत नाहीत. आणि आधी दाबा मग कूटबद्ध करा हाही सगळीकडे चालणारा नियम नाही. हल्लेखोराला त्याच मजकुरात स्वतःचं काही घुसवता येत असेल, तर दाबलेल्या डेटाच्या लांबीवरून गुप्त भाग ओळखता येतो. 2012 साली क्राइम या हल्ल्याने टीएलएसमध्ये (वेबची वाहतूक कूटबद्ध करणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये) नेमकं हेच दाखवलं, आणि टीएलएस 1.3 मधून कॉम्प्रेशन काढूनच टाकलं. म्हणून कुणी अमुक क्रम नेहमी योग्य असं ठोकून सांगितलं की मी आधी विचारतो, कुठे आणि कशासाठी.

तुमच्या बाबतीत विचारायचे प्रश्न असे आहेत.

टाइमआउट आणि रिट्राय. समजा टाइमआउट 2 सेकंद आणि प्रयत्न 3. टाइमआउट रिट्रायच्या आत असेल तर प्रत्येक प्रयत्नाला 2 सेकंद, म्हणजे वाईटात वाईट 6 सेकंद, मधल्या थांबण्याचा वेळ वेगळा. बाहेर असेल तर सगळ्या प्रयत्नांना मिळून 2 सेकंद, म्हणजे पहिलाच प्रयत्न अडकला तर दुसऱ्याची पाळी येत नाही. बॅचला पहिला चालेल. समोर माणूस बसलेला असेल तर मी दोन्ही ठेवतो, आत छोटा आणि बाहेर एकूण मर्यादेचा. जाता जाता हेही बघा की तुमच्या सर्व्हिसला हाक मारणारा स्वतः रिट्राय करतो का. तो 3 वेळा आणि तुम्ही 3 वेळा, म्हणजे आधीच दमलेल्या शेवटच्या सर्व्हिसवर 9 कॉल.

मोजमाप. वेळ मोजणारा रॅपर रिट्रायच्या बाहेर असेल तर ग्राहकाला किती थांबावं लागलं ते कळतं, आत असेल तर पलीकडची सर्व्हिस किती वेळा आपटली ते कळतं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि डॅशबोर्डवर दोन्हींना एकच नाव दिलं की पुढची मीटिंग त्यातच जाते. ओकेएचटीटीपी या लायब्ररीने तर इंटरसेप्टर लावायला दोन वेगळ्या जागाच दिल्या आहेत. बाहेरच्या जागी लावलेला, उत्तर कॅशमधून आलं तरी, एकदाच चालतो. नेटवर्कच्या जागी लावलेल्याला प्रत्येक रीडायरेक्ट आणि पुन्हा केलेला प्रयत्न दिसतो.

सर्किट ब्रेकर (अपयशं वाढली की काही काळ कॉलच थांबवणारा रॅपर) पुढे लावणार असाल तर रेझिलियन्सफोरजे या लायब्ररीचा मूळ क्रम बघून ठेवा: सगळ्यात बाहेर रिट्राय, मग सर्किट ब्रेकर, रेट लिमिटर, टाइम लिमिटर, आणि सगळ्यात आत बल्कहेड (एका वेळच्या कॉलची संख्या मर्यादित ठेवणारा). म्हणजे ब्रेकरला प्रत्येक प्रयत्न स्वतंत्र दिसतो. ते मला पटतं. पण ब्रेकरने वाट बंद केल्यावर जो अपवाद येतो, तो रिट्रायच्या यादीतून वगळायला हवा, नाहीतर रिट्राय बंद दारावर धडका देत राहतो.

आतापर्यंतचं गोळा केलं तर वेबसाठी मी असं जोडेन:

लॉगिंग( परवानगी( कॅशिंग( टाइमआउट( एचटीटीपी ) ) ) )

आणि बॅचसाठी असं:

लॉगिंग( रिट्राय( टाइमआउट( एचटीटीपी ) ) )

बॅचमध्ये परवानगी नाही, कारण तिथे समोर वापरकर्ता नसतो असं मी धरलं आहे. बॅच कुणाच्या नावाने चालत असेल तर ती घाला. या दोन ओळी एकाच फाइलमध्ये, एकाखाली एक ठेवा. नवीन आलेल्या माणसाला सगळं वागणं एका नजरेत दिसतं, आणि क्रम बदलला तर तो रिव्ह्यूमध्ये डोळ्यांत भरतो.

आता अ‍ॅनोटेशन. स्प्रिंगची कॅशिंगची किंवा ट्रान्झॅक्शनची (डेटाबेसच्या व्यवहाराची) अ‍ॅनोटेशन्स म्हणजे आतून रॅपरच. तो तुम्ही लिहिण्याऐवजी चालू प्रोग्राममध्ये तयार होतो. इंटरफेसवरून बनवायचा तर जावाचा स्वतःचा डायनॅमिक प्रॉक्सी, आणि क्लासचा सबक्लास बनवून करायचा तर सीजीलिब ही लायब्ररी. स्प्रिंग बूट 2.0 पासून दुसरा प्रकार मूळ निवड आहे. सोय मोठी आहे, मीही वापरतो. पण मघाचं वाक्य आठवा: आतल्या ऑब्जेक्टच्या आतल्या हाका त्याच्यापाशीच राहतात. एकाच क्लासमधल्या एका मेथडने दुसऱ्या अ‍ॅनोटेशनवाल्या मेथडला थेट हाक मारली, तर ती हाक प्रॉक्सीतून जातच नाही. ना कॅशिंग होतं, ना ट्रान्झॅक्शन सुरू होतं, आणि एरर म्हणाल तर शून्य. फायनल मेथड असेल तर सीजीलिबला ती बदलता येत नाही, तिथेही हीच शांतता.

दुसरी अडचण पुन्हा क्रमाचीच. एका मेथडवर रिट्राय आणि ट्रान्झॅक्शन अशी दोन अ‍ॅनोटेशन्स वरखाली लिहिली म्हणून वरचं बाहेर असं नसतं. कोण बाहेर हे त्यांच्या अग्रक्रमाच्या आकड्यांवर ठरतं, आणि ते आकडे दुसऱ्याच कुठल्यातरी कॉन्फिगरेशनमध्ये बसलेले असतात. या जोडीत तर क्रम चुकणं महागात जातं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये सीरियलायझेशनची टक्कर (एकाच वेळी चाललेले व्यवहार एकमेकांच्या आड येणं) झाली की 40001 हा कोड येतो आणि तो व्यवहार मोडतो. रिट्राय जर ट्रान्झॅक्शनच्या आत असेल तर पुढचा प्रयत्न त्याच मोडलेल्या व्यवहारात होतो, आणि प्रत्येक क्वेरीला 25P02 मिळतो: व्यवहार रद्द झालाय, तो संपेपर्यंत काही ऐकणार नाही. रिट्राय बाहेर हवा, म्हणजे प्रत्येक प्रयत्नाला ताजा व्यवहार मिळतो.

म्हणून माझी वाटणी अशी: सोय एकच असेल, आणि तिचा दुसऱ्या कशाशी क्रमाचा संबंध नसेल, तर अ‍ॅनोटेशन. दोन किंवा जास्त असतील आणि क्रमाने अर्थ बदलत असेल, तर हाताने लिहिलेले रॅपर. तुमचं प्रकरण दुसऱ्या गटातलं आहे. सीनियरना क्लासांची संख्या खुपत असेल तर त्यांना दाखवा की प्रत्येक क्लास पंधरा-वीस ओळींचा आहे आणि त्याला एकच काम आहे.

अर्थात इंटरफेस लहान असेल तरच. तुमच्या पॉलिसी-क्लायंटमध्ये किती मेथड आहेत ते लिहिलेलं नाही. दोन-तीन असतील तर उत्तम. चौदा असतील तर प्रत्येक रॅपरमध्ये तेरा मेथड नुसत्या पुढे ढकलायला लिहाव्या लागतील, आणि त्या कंटाळवाण्या ओळींतच कुणीतरी एक मेथड चुकीच्या मेथडकडे वळवतं. कोटलिनमध्ये बाय हा शब्द लिहून ही हमाली कंपायलरवर टाकता येते. जावात असाल तर आधी इंटरफेस फोडा: वाचणारा वेगळा, बदल करणारा वेगळा. तसंही कॅशिंग फक्त वाचण्याला हवं असतं. आणि रिट्राय पैसे कापणाऱ्या मेथडवर आंधळेपणाने लागलेला कुणालाच नको असतो. पहिला कॉल पलीकडे पोहोचला आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं, तर दुसरा प्रयत्न म्हणजे दुसरा हप्ता.

इंटरफेसमधल्या डीफॉल्ट मेथडवर डोळा ठेवा. 2014 मध्ये जावा 8 ने कलेक्शनमध्ये रिमूव्हइफ अशी डीफॉल्ट मेथड घातली. अपाची कॉमन्सच्या कलेक्शन लायब्ररीत सिंक्रोनाइज्डकलेक्शन नावाचा रॅपर आधीपासून होता, जो प्रत्येक मेथड लॉक घेऊन आत पाठवतो. नवी मेथड त्याने लिहिलेली नव्हती, त्यामुळे इंटरफेसमधली डीफॉल्ट चालली, आणि तिला लॉक काय हे ठाऊकच नव्हतं. नंतरच्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. धोका असा की नवी साधी मेथड घातली तर कंपायलर तुमच्या सगळ्या रॅपरना अडवतो. डीफॉल्ट घातली तर हूं की चूं करत नाही. म्हणून रॅपर असलेल्या इंटरफेसमध्ये डीफॉल्ट मेथड घालायला आमच्याकडे मी सहसा होकार देत नाही.

दोन बारीक गोष्टी आणखी. प्रत्येक रॅपरच्या टूस्ट्रिंग मध्ये (ऑब्जेक्टचं वर्णन मजकुरात देणाऱ्या मेथडमध्ये) स्वतःचं नाव आणि कंसात आतल्याचं टूस्ट्रिंग द्या. सर्व्हिस सुरू होताना ते एकदा लॉगमध्ये छापा. वर मी लिहिल्या तशाच ओळी तिथे दिसतात, आणि प्रॉडक्शनवर खरा क्रम कोणता हे कुणाला विचारावं लागत नाही. दुसरी, आतलं ऑब्जेक्ट कोणत्या क्लासचं आहे हे तपासून काम करणारा कोड असेल तर तो गुंडाळल्यावर मोडतो. जावाला डेटाबेसशी जोडणाऱ्या जेडीबीसीने यासाठी रीतसर वाट ठेवली आहे: 4.0 पासून अनरॅप ही मेथड आहे, म्हणून कनेक्शन पूलच्या रॅपरमधून पोस्टग्रेसचं खरं कनेक्शन काढून कॉपी कमांड चालवता येते. तुमच्या इंटरफेसला असली वाट मात्र ठेवू नका. एकदा ठेवली की परवानगीचा थर ओलांडायचा राजमार्ग तयार.

आणि टेस्ट. थेट जोडणाऱ्या फाइलमधून वेबवाला क्लायंट घ्या, फक्त सगळ्यात आतला एचटीटीपीचा क्लास खोटा ठेवा. परवानगी असलेल्या वापरकर्त्याने एक पॉलिसी आणा. मग परवानगी नसलेल्याने तीच मागा आणि नकार आलाच पाहिजे असं तपासा. तुमच्या आजच्या ओळीवर ही टेस्ट लाल होईल. मग कॅशिंग आणि परवानगीची अदलाबदल करा, ती हिरवी होईल. सीनियरना पटवायला माझ्या या लांबलचक उत्तरापेक्षा ती जास्त कामी येईल.

एक गोष्ट तुमच्या उत्तरावर अवलंबून आहे. बॅच पॉलिसी एकेक मागते की शंभराची यादी एकदम? यादी असेल तर रिट्राय कशाचा, सगळ्या यादीचा की अपयशी ठरलेल्यांचाच, हे ठरवावं लागेल. दुसरं हवं असेल तर उत्तरातच कोणती पॉलिसी आली आणि कोणती नाही हे यायला हवं. म्हणजे इंटरफेस बदलायला हवा, आणि मग रॅपर लिहिण्याआधी तेच काम करून घ्या.